एकशे चौदा मीटर

डोंगर सकाळी सव्वासहाला खाली आला. तीन दिवस पावसाने झोडपून काढलं होतं, चौथ्या दिवशी उघडीप पडली, लोकांनी हुश्श केलं आणि नेमक्या त्याच सकाळी उतारावरची वस्ती चिखलाखाली गेली. एकोणीस घरं होती. बारा घरांतली माणसं आवाज ऐकून अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर धावली. उरलेल्या सात घरांतल्यांना तेवढाही वेळ मिळाला नाही.

तिथून तीस किलोमीटरवरच्या शहरात, मोजणी कार्यालयातल्या आरेखक बाईंना हे साडेसहाला फोनवरून कळलं आणि त्या तशाच कचेरीत धावल्या. सगळे त्यांना आरेखक बाईच म्हणत. चौदा वर्षं त्या नकाशे काढत होत्या. त्या वस्तीचा नकाशाही त्यांनीच संगणकावर चढवला होता. मूळ मोजणी त्यांच्या वडिलांची, अण्णांची. अण्णा याच कार्यालयात मोजणीदार होते आणि तरुणपणी त्यांनी साखळी आणि दुर्बीण घेऊन तो सगळा उतार पालथा घातला होता. नंतर बांधलेली घरं बाईंनी त्यात भरली. त्या दिवशी शोधपथकाचा निरोप आला, “वस्तीच्या नकाशाची फाइल पाठवा,” तेव्हा बाईंनी ती दोन मिनिटांत पाठवली. आपल्या हातून एवढं तरी झालं, असं त्यांना वाटलं.

बाईंचं आणखी एक काम होतं, त्याचा पगार नव्हता. नकाशांचं एक सॉफ्टवेअर होतं, कुठल्याच कंपनीचं नसलेलं. त्याचा कोड सगळ्यांना खुला. जगभरातली दोनशेएक माणसं आपापल्या घरी बसून ते सांभाळत. कुणी कोड लिही, कुणी चुका शोधी, कुणी माहितीपुस्तिका लिही. बाईंकडे होतं ते बांधणीचं काम. म्हणजे असं की, कोड हा नुसता मजकूर असतो. तो जसाच्या तसा कुठल्याही संगणकावर चालत नाही. प्रत्येक प्रणालीसाठी तो वेगळा बांधावा लागतो, त्याला लागणाऱ्या लायब्ररी गोळा कराव्या लागतात, मग त्याचा इन्स्टॉलर तयार होतो आणि मग कुठे सामान्य माणसाला दोनदा क्लिक करून तो वापरता येतो. लायब्ररींची गोष्ट लग्नाच्या आमंत्रणासारखी. एकीला बोलवावं तर ती दुसरीला घेऊन येते, दुसरी तिसरीला, आणि तिसरीला पहिलीची जुनी आवृत्तीच हवी असते.

घरातल्या मागच्या खोलीत बाईंचे तीन संगणक होते. एक लिनक्सचा, एक विंडोजचा, एक मॅक, तोही दुसऱ्या कुणी वापरलेला. अण्णा त्यांना “तीन जावई” म्हणत. “एकाचं मन राखलं की दुसरा रुसतो,” असं म्हणून ते दारातूनच परत फिरत. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्या वर्षाच्या सुरुवातीला न्हाणीघरात पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून काठी हातात आली होती. घरात दोघंच. बाईंची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

डोंगर कोसळल्यावर बाराव्या दिवशी शोधपथकाचे प्रमुख मोजणी कार्यालयात आले. धिप्पाड माणूस, पण आवाज पार बसलेला. काखेत लॅपटॉप.

“बाई, चौकशी समितीला नकाशा द्यायचाय. आम्ही कुठे खणलं, किती वाजता खणलं, सगळं मांडलंय. आमच्याकडे एवढा मोठा कागद छापता येत नाही.”

“बसा की. लगेच काढून देते.”

बाईंनी फाइल कार्यालयातल्या आपल्या लिनक्सच्या संगणकावर घेतली आणि उघडली. घरांचे काळे चौकोन, खणलेल्या जागांचे लाल ठिपके. लाल ठिपके पथकाने जागेवर उभं राहून उपग्रहाच्या यंत्राने नोंदवलेले, प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. बाई बघत राहिल्या. सकाळी सात चाळीसपासून पावणेबारापर्यंतचे सगळे ठिपके मोकळ्या उतारावर होते. घरं त्याच्या बरीच वर होती.

“सुरुवात इतक्या खालून का केलीत?” त्यांनी सहज विचारलं.

“खालून? छे. घरांवरच केली.” प्रमुखांनी लॅपटॉप उघडून त्यांच्याकडे वळवला. “हे बघा.”

त्या पडद्यावर पहिला लाल ठिपका काळ्या चौकोनाच्या बरोबर मधोमध होता. दुसरा दुसऱ्या चौकोनात. सगळे असेच.

बाईंनी एकदा या पडद्याकडे पाहिलं, एकदा त्या. फाइल एकच होती. सॉफ्टवेअर एकच होतं. आपल्या पडद्यावर त्यांनी ठिपक्यापासून चौकोनापर्यंतचं अंतर मोजलं. एकशे चौदा मीटर. दुसऱ्या घराचं मोजलं. एकशे चौदा. तिसऱ्याचंही तेवढंच.

“हे तुम्ही कुठून घेतलं होतं? सॉफ्टवेअर?”

“इंटरनेटवरून. फुकट असतं ना ते. विंडोजचा इन्स्टॉलर होता. चांगलं आहे, कधी त्रास नाही दिला.” मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांना बोलायचं होतं आणि बारा दिवस कुणापाशी बोलता आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “एक सांगू का बाई? तिथे एक मास्तरीणबाई आहेत, वस्तीतल्याच. शाळा उघडायला लवकर निघाल्या म्हणून वाचल्या. पहिल्या तासापासून त्या ओरडत होत्या, तुम्ही चुकताय, माझं घर वर आहे. मी ऐकलं नाही. अहो, अशा वेळी दहा माणसं दहा जागा दाखवतात. झाड नाही, खांब नाही, सगळा एकसारखा चिखल. घाबरलेल्या माणसाच्या बोलण्यावर खणायचं की नकाशावर? मी नकाशावर खणलं.”

“मग?”

“मग काय. शेवटी त्या स्वतः वर जाऊन हातांनी उकरायला लागल्या. दोन हात खाली पत्रा वाजला. तेव्हा आम्ही पळत गेलो. संध्याकाळपर्यंत सात माणसं जिवंत काढली. अकरा गेली. त्यातली दहा जागच्या जागीच गेली होती, असं डॉक्टर म्हणाले. एकाचंच त्यांनी वेगळं सांगितलं. त्यांच्या नवऱ्याचं. फार तर तासाभरापूर्वी गेला असेल म्हणाले. शेजारीच सासू होती. ती वाचली.”

बाईंनी फाइलची एक प्रत काढून घेतली. “नकाशा उद्या देते,” एवढंच त्या म्हणाल्या. “मला एक गोष्ट तपासायचीय.”

त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी आल्या. तिन्ही संगणक सुरू केले, तिन्हींवर तीच फाइल उघडली. लिनक्सवर घरं वर. मॅकवर घरं वर. विंडोजवर घरं खाली.

कारण त्यांना कार्यालयातच कळून चुकलं होतं, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडत नव्हतं. अण्णांच्या काळची मोजणी एका शून्यापासून धरलेली असते, उपग्रहाची मोजणी दुसऱ्या शून्यापासून. तीच जागा, पण आकडे वेगळे. सॉफ्टवेअर दोन्ही जुळवून घेतं, आणि त्यासाठी त्याला फरकांचा एक तक्ता लागतो. छोटीशी फाइल असते ती. तक्ता सापडला नाही तर सॉफ्टवेअर अडत नाही, बोलत नाही. जुने आकडे तसेच नवे समजून मांडून मोकळं होतं. बाईंनी बांधलेल्या विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये तो तक्ता नव्हता.

पण त्यावर पहारा होता. बांधणी झाली की चारशेच्या वर चाचण्या आपोआप चालतात. त्यातली एक नेमकी हेच तपासते. ती बोंबलायला हवी होती. बाईंनी बांधणीची आज्ञावली उघडली, खाली सरकत गेल्या आणि दोनशे सदतिसाव्या ओळीवर थांबल्या. चाचणीचं नाव होतं, तिच्यासमोर ती वगळण्याची खूण होती आणि शेजारी त्यांच्याच शब्दांत टीप होती: सध्यापुरती बंद. नंतर बघू.

त्यांना तो दिवस आठवला. नवी आवृत्ती निघाली होती. एका लायब्ररीने आपल्या फायली ठेवायची जागा बदलली होती आणि विंडोजवर बांधणी काही केल्या पूर्ण होत नव्हती. तीन दिवस नाकी नऊ आले. अण्णा इस्पितळात होते, शस्त्रक्रियेला दोन दिवस झाले होते. बाई सकाळी डबा पोचवून येत, दुपारी परत जात, मधल्या वेळात बांधणी लावत. लोक विचारत होते, विंडोजचं कधी येणार? चौथ्या दिवशी सगळं जमलं, एवढी एक चाचणी सोडून. बाईंना वाटलं, चाचणीच बिघडली असेल, आधीही एकदोनदा तसं झालं होतं. त्यांनी ती बंद केली, इन्स्टॉलर चढवला आणि डबा भरायला उठल्या. ते ‘नंतर’ पुढे आलंच नाही.

काठीचा आवाज आला. अण्णा दारात उभे होते.

“आज लवकर? आणि दिवा न लावता बसलीस? काय ग, जावई रुसले का?”

बाईंनी मान वर केली. तो चेहरा बघून अण्णा पहिल्यांदाच त्या खोलीत आत आले आणि खुर्ची ओढून बसले. बाईंनी सगळं सांगितलं. सॉफ्टवेअरमधलं अण्णांना कळत नव्हतं, पण शून्यांची गोष्ट सांगायची गरजच पडली नाही.

“आम्ही कागदाच्या कोपऱ्यात लिहायचो, कुठल्या शून्यापासून मोजलंय ते,” ते म्हणाले. “न लिहिता कागद दिला तर साहेब तोंडावर फेकायचे.” त्यांनी विंडोजच्या पडद्यावरच्या घरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “त्या आठवड्यात तू माझ्या उशाशी होतीस. दोष द्यायचाच तर या हाडाला दे.”

“नाही अण्णा. हाडाने टीप नाही लिहिली. मी लिहिली.”

“हे कुणाला आपण होऊन कळणार नाही, ते ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे.”

“आणि?”

“सांगणार. सगळ्यांना.”

अण्णांनी मान हलवली. त्यांचा आवाज मोजणीच्या जागेवर गडीमाणसांना हाक द्यायचे तसा सरळ होता. “मग पोरी, आधी तिथे सांग, जिथे उद्या आणखी कुणी खणायला उभा राहील. रडायला पुढे भरपूर वेळ आहे.”

बाईंनी तो इन्स्टॉलर तिथल्या तिथे मागे घेतला. मग सगळ्या स्वयंसेवकांना आणि वापरणाऱ्यांना जाणारं पत्र लिहिलं. काय चुकलं, कुठल्या आवृत्तीत, कुणामुळे, त्यामुळे कुठे काय घडलं. ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असे शब्द आपोआप हातून उतरले होते, ते त्यांनी खोडले आणि लिहिलं, ‘मी चाचणी बंद केली म्हणून.’

त्या सॉफ्टवेअरचा मुख्य सांभाळकर्ता दूर दुसऱ्या खंडात राही. त्याला सगळे पाठीमागे ‘खडूस’ म्हणत, कारण पाठवलेल्या दहा दुरुस्त्यांतल्या नऊ तो परत करी आणि पत्रात कधी नमस्कारही घालत नसे. वीस मिनिटांत त्याचं उत्तर आलं. ‘तक्ता नसला तर प्रोग्रॅमने गप्प का बसावं? तो भाग नऊ वर्षांपूर्वी मी लिहिला. तेव्हा मला वाटलं होतं, थोडं चुकलेलं उत्तर काहीच उत्तर नसण्यापेक्षा बरं. ते माझ्याकडे लागतं. बांधणीचं तुझ्याकडे. नवी कधी देतेस?’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दोन मोठे नकाशे आणि सही केलेलं निवेदन घेऊन शोधपथकाच्या ठाण्यावर गेल्या. दोरखंड, फावडी, शिरस्त्राणं ओळीने टांगलेली होती. फावडी धुतलेली होती. प्रमुखांनी निवेदन उभ्या उभ्या वाचायला घेतलं आणि मध्येच खाली बसले.

“म्हणजे मी मूर्ख नव्हतो,” ते म्हणाले. बारा दिवस छातीवर असलेला दगड कुणी तरी उचलल्यासारखा त्यांचा श्वास सुटला. पण तो सुटलेला श्वास तिथेच अडला. “नाही. होतोच. ती बाई घसा फोडून सांगत होती आणि मी तिला म्हणालो, बाजूला व्हा, आम्हाला काम करू द्या.” त्यांनी कागदाची घडी घातली. “त्यांना मी सांगू हे?”

“नको. मी जाते.”

“बाई, तिथे लोक तापलेले आहेत.”

“असू देत.”

कोसळलेल्या उतारासमोरच्या टेकाडावर शाळा होती आणि तिच्या वर्गांमध्ये वस्तीतल्या उरलेल्या माणसांनी बिऱ्हाडं मांडली होती. मास्तरीणबाई व्हरांड्यात मुलांना शिकवत होत्या. चाळिशीच्या, किडकिडीत. दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या होत्या, त्यामुळे खडू त्या तळहातात मुठीने धरत होत्या. त्यांनी मुलांना गणितं घालून दिली आणि आरेखक बाईंना बाकावर बसायला सांगितलं.

बाईंनी येताना बसमध्ये वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं. नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी बांधलं होतं, त्यात तक्ता घालायचा राहिला, ते दाखवून देणारी तपासणी त्यांनी स्वतः बंद केली होती, आणि म्हणून घरं पडद्यावर एकशे चौदा मीटर खाली दिसली.

मास्तरीणबाई ऐकत होत्या. ऐकताना त्यांचे डोळे मुलांच्या पाट्यांवर होते.

“एकशे चौदा मीटर म्हणजे किती?” त्यांनी विचारलं.

“चढावर... एकशे सत्तरएक पावलं.”

“चालून दाखवा.”

दोघी टेकाड उतरून पलीकडच्या उतारावर गेल्या. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. पथकाने त्या सकाळी खणलेला पहिला खड्डा तसाच होता, तळाशी गढूळ पाणी. बाईंनी तिथून सुरुवात केली. पावलं मोजण्याची अण्णांनी लहानपणी लावलेली सवय होती, त्या मोठ्याने मोजत होत्या. मास्तरीणबाई दोन पावलं मागे. ब्याण्णवला त्या थांबल्या.

“इथे उभी होते मी,” त्या म्हणाल्या. “खालीही ऐकू जात होतं आणि वरही, असं वाटत होतं मला. म्हणून इथे.”

बाई पुन्हा मोजू लागल्या. एकशे अडुसष्टला समोर खड्ड्याची कड आली. मुरगळलेले पत्रे एका बाजूला रचून ठेवले होते. आत खाली एक दाराची चौकट आडवी पडली होती.

“सासूबाई सांगतात, तो बराच वेळ बोलत होता,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “त्यांना धीर देत होता. ती बाहेर आहे, ती आणेल सगळ्यांना, असं म्हणत होता.”

वाऱ्याने एक पत्रा किरकिरला.

“तुम्ही कशाला आलात? माफी मागायला?”

“नाही. ती मागायचं तोंड नाही मला. तुम्हाला खरं काय ते कळावं म्हणून आले.”

“मला खरं माहीतच होतं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. “पहिल्या तासापासून माहीत होतं. सोळा वर्षं राहिले मी या घरात. तुमच्या यंत्राचं चुकलं, ते एक वेळ मी समजून घेईन. माणसाचंही चुकतं. पण ते यंत्र आणि मी समोरासमोर होतो, आणि मला कुणी विचारलंच नाही. याची दुरुस्ती तुम्ही कशात करणार?”

मास्तरीणबाई वळल्या. “मुलांची गणितं झाली असतील,” म्हणाल्या आणि उतरू लागल्या.

विंडोजची नवी बांधणी व्हायला तीन दिवस लागले. दर वेळी कुठे तरी घोडं पेंड खाई. कधी एखादी लायब्ररी दुसरीला ओळखेना, कधी सगळं जुळून शेवटच्या मिनिटाला जागा अपुरी पडे. बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. दोनशे सदतिसावी ओळ त्यांनी काढून टाकली होती. चाचणी चालली, नापास झाली, त्यांनी कारण शोधलं, तक्ता योग्य जागी ठेवला, चाचणी पुन्हा चालली आणि पास झाली. खडूसने त्याचा भाग बदलला. आता तक्ता सापडला नाही तर पडद्यावर आडवी लाल पट्टी येते आणि ठिकाणं चुकीची असू शकतात, असं स्पष्ट सांगते. काही जणांनी हरकत घेतली, नवखे लोक घाबरतील म्हणाले. बाईंनी त्याखाली दोनच शब्द लिहिले. ‘घाबरू देत.’ खडूसने त्यावर चर्चा बंद केली.

चौकशी समितीचा अहवाल आला. शोधपथकाच्या प्रमुखांना ताकीद मिळाली, स्थानिकांचं म्हणणं ऐकण्याबद्दल. सॉफ्टवेअरवर एक परिच्छेद होता. ते विनामूल्य असून कोणतीही हमी न देता पुरवलं जातं, सबब जबाबदारी निश्चित करता येत नाही, असा त्याचा सूर होता. कार्यालयातले लोक म्हणाले, सुटलात बाई. बाईंना तो परिच्छेद शिक्षेपेक्षा जड गेला. त्यांनी बांधणीचं काम दुसऱ्या एका स्वयंसेवकाला सोपवलं, तिन्ही संगणकांवर चादर टाकली आणि मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. अण्णांनी टोकलं नाही. एकदा फक्त जेवताना म्हणाले, “एकदा हद्दीचा दगड चुकीच्या जागी रोवला म्हणून मी साखळी विहिरीत टाकली असती, तर तुझं शिक्षण झालं नसतं.” बाईंनी ताट उचललं आणि आत गेल्या.

चार महिन्यांनी कार्यालयात मास्तरीणबाईंचा फोन आला. वस्तीला जवळच नवी जागा मंजूर झाली होती, भूखंड आखून नकाशा आला होता आणि लोकांच्या सह्या हव्या होत्या.

“सही करायच्या आधी मला तो नकाशा स्वतः तपासायचाय,” त्या म्हणाल्या. “तुमचं ते सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर चढत नाही. इन्स्टॉलर म्हणतो, तुमची प्रणाली फार जुनी आहे.”

“जुन्या प्रणालीसाठी तयार इन्स्टॉलर नाही,” बाई म्हणाल्या. मग स्वतःलाच नकळत पुढे बोलून गेल्या, “पण मूळ कोडपासून तिथेच बांधता येईल. मी येऊ?”

“शनिवारी शाळा अर्धी असते,” उत्तर आलं.

अण्णाही आले, काठी टेकत, काखेत आपल्या जुन्या मोजणीच्या कागदांची गुंडाळी घेऊन. शाळेचा संगणक खरंच म्हातारा होता. लिनक्सची दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती, स्मृती तुटपुंजी. बाईंनी सोबत आणलेल्या लायब्ररी एकेक करून बांधल्या, प्रत्येकीची जुन्याला चालेल अशी आवृत्ती शोधून. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. एकदा स्मृती संपून सगळं थांबलं, एकदा वीज गेली. दोन्ही वेळा त्यांनी पहिल्यापासून लावलं. मास्तरीणबाई शेजारी वह्या तपासत बसल्या होत्या, मधूनच विचारत, “हे आता काय चाललंय?” आणि बाई सांगत. शेवटी चाचण्या लागल्या तेव्हा त्यांनी वह्या बाजूला ठेवल्या आणि प्रत्येक ओळ वाचली. चारशे बारा ओळी. बाईंनी त्यांना घाई केली नाही.

साडेतीनला नव्या जागेचा नकाशा उघडला. मास्तरीणबाईंनी आत हाक मारली आणि सासूबाईंना आणून संगणकासमोर बसवलं. म्हातारीला पडद्यावरचं काही उमजेना, तेव्हा अण्णांनी आपला कागद टेबलावर पसरला आणि ओढा, पायवाट, मोठा खडक अशी एकेक खूण बोटाने दाखवली. खुणा पटल्या तशी म्हातारी खुर्चीत पुढे सरकली.

“हे चार तुकडे कुणाला दिलेत?” तिने विचारलं.

“पाच ते आठ नंबर. अजून ठरलं नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“कुणालाच देऊ नका. मी सासरी आले तेव्हा तिथून पाणी वाहायचं. वरून दिसत नाही आता, पण जमिनीखाली आहे. पावसाळ्यात तिथली माती पाय ओढते.”

अण्णांनी चष्मा पुसून कागदावर वाकून पाहिलं. त्या जागी, त्यांच्याच हातची, पुसट तुटक रेघ होती. “आहे,” ते म्हणाले. “मी काढलीय. आजी, तुम्ही बरोबर आहात.”

मास्तरीणबाईंनी वस्तीतल्या आणखी चौघींना बोलावलं. प्रत्येकीला वेगळं विचारलं, एकीचं दुसरीला कळू न देता. मग बाईंनी माउस कसा धरायचा, रेघ कशी ओढायची ते दाखवलं, आणि ज्यांच्या बोटांची नखं अजून पुरती आली नव्हती त्या हातांनी मास्तरीणबाईंनी तो बुजलेला ओढा स्वतः नकाशावर काढला. त्याची प्रत घेऊन वस्तीतले लोक कचेरीत गेले. तीन वेळा परत पाठवलं गेलं, चौथ्यांदा भूखंड सरकवले गेले.

बाईंनी संगणकांवरची चादर काढली. खडूसला लिहिलं की जुन्या प्रणालींसाठीची बांधणी यापुढे मी करीन. त्याने एका ओळीत होकार दिला, नमस्कार न घालता.

मास्तरीणबाईंचे फोन अधूनमधून येत राहिले. त्यांनी कधी “या” म्हटलं नाही, कधी “येऊ नका” असंही म्हटलं नाही. नवऱ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. एका दुपारी बाई कार्यालयात जेवायला बसणार, तेवढ्यात फोन वाजला.

“ताई,” पलीकडून आवाज आला, “शाळेमागच्या वाटेची रेघ चुकून दोनदा पडलीय. खालची पुसायची कशी?”

बाईंनी डबा तसाच झाकून ठेवला. “आधी ती रेघ निवडा,” त्या म्हणाल्या. “निवडली? आता मला सांगा, पडद्यावर काय दिसतंय.”